तीस अँपिअरचं मीटर

जेवणाची सुट्टी अजून संपलेली नाही. आजूबाजूची लेथ मशीन्स बंद आहेत. ती बंद असली की उद्यमनगरात एक पोकळ शांतता पसरते, शेडचा पत्रा उन्हानं तडतडतो तेवढाच आवाज. मी सातवेकरांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले आहे. झोपायचं नाही असं ठरवलं आहे, पण पापण्यांना ते कळलेलं दिसत नाही. समोर डॅशबोर्डवर चार गोल काचा आहेत. त्यांतली माझ्या बाजूची अँपिअर मीटरची, किती वीज वाहते ते दाखवणारी. मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना तीस.

पाच वाजता सातवेकर गाडी न्यायला येतील. उद्या सकाळी ते त्यांच्या आईला घेऊन आंबा घाटानं रत्नागिरीला उतरणार आहेत. आई सत्त्याऐंशी वर्षांच्या. एकदा माहेर बघायचं म्हणतात, आणि जायचं तर नवऱ्यानं छप्पन साली घेतलेल्या याच गाडीतून.

जुन्या गाड्यांत सगळी वीज या मीटरमधून जाते. जुना डायनामो वीस-बावीस अँपिअर द्यायचा, तेव्हा तीसचं मीटर पुरून उरायचं. सातवेकरांनी आईला उकडू नये म्हणून एसी बसवला आणि एसीसाठी डायनामोच्या जागी साठ अँपिअरचा अल्टरनेटर. साठ अँपिअर या मीटरमधून गेले तर ते तापतं, मागची कापडी वेष्टणाची वायर तापते, आणि आग लागते ती डॅशबोर्डच्या आत, माणसाच्या गुडघ्यांच्या वर. मीटर बदलावं तर गाडीचा चेहरा बदलतो. म्हणून लोक माझ्या वडिलांकडं, आप्पांकडं यायचे. चनाप्पा हुक्केरी, मीटरवाले.

आप्पा मीटरमागच्या दोन नटांच्या मध्ये जाड वायरचा एक तुकडा जोडायचे. त्याला शंट म्हणतात. पाटाला पाणी जास्त झालं की बांधाला दुसरं तोंड पाडायचं, असं ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे. निम्मी वीज मीटरमधून, निम्मी त्या तुकड्यातून. काटा पंधरा दाखवेल तेव्हा तीस समजायचे. तुकडा केवढा हे पुस्तकात मिळत नाही. आधी लांब घ्यायचा, नट नुसते हातानं आवळायचे, दिवे लावून काटा बघायचा, तुकडा बोटभर कापायचा, पुन्हा बघायचा. काटा बरोबर निम्म्यावर आला की शेवटी स्प्रिंग वॉशर घालून नट पान्यानं आवळायचे. हातानं आवळलेलं आणि पान्यानं आवळलेलं, दोन्ही वेळा काटा तेच दाखवतो. फरक कळतो तो धक्क्यांच्या रस्त्यावर.

चाळीस दिवसांपूर्वी आप्पा याच सीटवरून उतरले, बाहेरच्या स्टुलावर बसले आणि समोरच्या लेथवाल्याला पाणी मागितलं. तो तांब्या घेऊन आला तेव्हा ते गेले होते.

भेटायला आलेल्या सातवेकरांनी निघताना, जरा ओशाळून, विचारलं होतं, "गाडीचं काम... झालं होतं का?" मी म्हणाले, "हो. आप्पा काम अर्धं टाकून जाणारे नव्हते." मीटरमागं हात घालून बघितल्याशिवाय म्हणाले. त्यानंतर कितीदा तरी इथं येऊन बसले. हात घातला नाही. परवा सातवेकरांनी एक चक्कर मारली, काटा बरोबर चालला, ते खूश होऊन गेले.

पत्रा तडतडायचा थांबतो. ते माझ्या उशिरा लक्षात येतं.

माझ्या पायांशेजारी दोन पाय आहेत. खाकी पँट, टाचेशी घासून पांढरी पडलेली. बाकीचा माणूस डॅशबोर्डखाली आहे.

"आप्पा?"

"वाच."

"काय?"

"काटा वाच की. पायाकडं काय बघालीस?"

मी काचेकडं बघते. दिवे लागलेले आहेत, समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोळे पडलेत. "बारा."

"खरं बारा, का वाचनालयातलं बारा?"

"ते कसलं?"

"पुस्तकात मान घालून, वर न बघता सांगतीस ते."

"बाराच आहे, आप्पा. बघतेय मी."

"मग बरं." खालून खुडबुड होते. "आता?"

"नऊ."

पक्कड कच्चकन वाजते. वायरचा एक तुकडा माझ्या चपलेवर पडतो, गरम. "आता?"

"आठ."

कच्च.

"सात. सातच्या जरा खाली."

माझा आवाज लहान होत चालला आहे. माझे पाय खाली टेकत नाहीत, फ्रॉकला शाईचा डाग आहे, आणि मला कुणीतरी सांगून ठेवलंय की काट्यावरून नजर काढायची नाही. कापलेली वायर लांब करता येत नाही. आप्पा वर येऊन बघू शकत नाहीत. त्यांना दिसतं ते माझ्या तोंडून.

कच्च.

"सहा! आप्पा, सहा. निम्मं झालं. थांबा."

खुडबुड थांबते. आता पाना वाजायला हवा. नटावर पाना बसताना होणारा तो लहानसा टक्‌ आणि मग तीनदा करकर. मी वाट बघते. काटा सहावर आहे. मी काट्यावरून नजर काढत नाही. टक्‌ होत नाही.

"आप्पा, पाना."

पाय हलत नाहीत.

"आप्पा, सहावर आलंय. पाना घ्या."

भिंतीवरचे पिवळे गोळे मंद होत जातात. मी खाली वाकते. डॅशबोर्डखाली गाडीचा पत्रा नाही, माती आहे. ओली, नुकती काढलेली. मी त्या अंधारात पाय सोडते आणि पाय कशावर तरी टेकतात.

इथं मी एकदा येऊन गेले आहे, पण तेव्हा वर उभी होते. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा करतात, त्यात मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात. स्वामींनी मंत्र म्हटले तेव्हा मी आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत नव्हते, हातांकडं बघत होते. नखांतलं काळं निघालेलं नव्हतं. कुणी फार घासलंही नव्हतं.

आप्पा कोनाड्यात बसले आहेत. विभूती तशीच आहे. मांडीवर मीटर आहे, उपडं. मागचे, नट बसतात ते पितळी खिळे वर.

"बस," ते म्हणतात. "जन्मभर उताणं पडून काम केलं. आता कुठं मांडी घालून बसायला मिळालंय."

मला हसू येत नाही. मातीला पाठ टेकवून मी त्यांच्यासमोर बसते. इतकी जवळ, की आमचे गुडघे लागतात. त्यांचा गुडघा गार नाही. मला वाटलं होतं गार असेल.

"चहा सांगितलास?"

"आप्पा, काम झालं होतं का?"

"कुठलं?"

"सातवेकरांचं."

"तू काय सांगितलंस त्येला?"

"झालं म्हणून."

"मग झालं की."

"मी न बघता सांगितलं."

"न बघता सांगितलंस म्हंजे खोटंच कशावरनं? झालंबी असंल."

"झालं होतं का? एवढंच सांगा."

आप्पा नखानं मीटरचा एक खिळा खरवडतात. "चाळीस दिस गाडी शेडात हाय. हात न्हाईत तुला? डॅशबोर्डखाली हात घालायला काय इंजिनेर व्हावं लागतंय?"

"भीती वाटते."

"करंट लागंल म्हणून? बारा व्होल्टाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे कशाची ते."

वरून थोडी माती ओघळते, माझ्या मानेवर पडते. मी ती झटकत नाही. इथं काहीही हललं तर सगळं बंद होईल असं वाटतं, आणि मला अजून विचारायचं आहे. पण तोंडातून दुसरंच निघतं.

"त्या दिवशी सकाळी तुम्ही फोन केला होता."

"व्हय."

"काटा वाचायला ये म्हणालात. मी म्हणाले, रविवारी येते."

"बेस्तरवार हुता. तुझी वाचनालयातली नोकरी."

"रजा काढता आली असती. तुम्ही शहात्तर वर्षांचे. एकट्यानं खाली घुसायचं, तुकडा कापायचा, परत वर येऊन काटा बघायचा..."

"अकरा येळा."

"काय?"

"अकरा येळा खाली गेलो, वर आलो. मोजलं की मी." बोलण्यात राग नाही. ओळखीच्याला गावाचं अंतर सांगावं तसं सांगतात. त्यानं मला जास्त धडकी भरते.

"आणि बाराव्यांदा?" मी विचारते. "बाराव्यांदा पाना घेऊन खाली गेलात का? आप्पा, माझ्याकडं बघा. गेलात का?"

आप्पा बघत नाहीत. मीटर कानाजवळ नेऊन हलवतात, नारळ हलवावा तसं. "गाडी कुणाची म्हणालीस?"

"सातवेकरांची."

"त्येंच्या आईला लई माया हाय बघ त्या गाडीची. लग्नानंतर पयल्यांदा हितं आली ती हीतनंच."

"आप्पा!"

मागून हॉर्न वाजतो. लांब, ट्रकचा. मी वळून बघते, तर आम्ही उतारावर आहोत.

आंबा घाट. डावीकडं कठडा, कठड्यापलीकडं ढग. आप्पा गाडी चालवताहेत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मांडी अजून घातलेलीच. मी त्यांच्या शेजारी. मागच्या सीटवर सातवेकरांच्या आई बसल्या आहेत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. एसीचा वारा सुटला आहे. काचा बंद आहेत.

"काय बाई, गारेगार," त्या म्हणतात. "आमच्या वेळेला खिडकी उघडायची आणि धूळ खायची."

"वाच," आप्पा म्हणतात.

"पंधरा," मी म्हणते. "म्हणजे तीस."

"शाबास."

रस्ता खराब आहे. गाडी एका खड्ड्यात आदळते, डॅशबोर्ड खडखडतो. काटा थरथरतो, पुन्हा पंधरावर येतो. मी जीव मुठीत धरून बघत राहते. आणखी एक खड्डा. काटा थरथरतो आणि या वेळी उगाच थोडा वेळ घेतो जागेवर यायला.

"आप्पा, हळू."

"घाट हाय. घाटात गाडी आदळणारच."

"मग थांबवा."

"का? काम झालंय की. तूच सांगितलंस."

तिसऱ्या खड्ड्याला काटा एकदम उजवीकडं झेपावतो आणि तिथंच अडकून राहतो.

"तीस!" मी ओरडते. "आप्पा, तीसवर गेला!"

"दुप्पट झाला म्हंजे काय?"

"शंट सुटला."

"मग आता सगळं कुठनं चाललंय?"

"मीटरमधून. सगळं मीटरमधून चाललंय. गाडी थांबवा!"

"ब्रेक लागंना," आप्पा शांतपणे म्हणतात. मला दिसतं, ते ब्रेक दाबतच नाहीत. मांडी घातलेली आहे.

वास येतो. आधी धूळ तापल्यासारखा, मग जुनं कापड जळाल्यासारखा. मी एसीचं बटण शोधते. डॅशबोर्डवर बटण नाही. चार काचा आहेत, चारीत तोच काटा, चारी काटे तीसवर.

"कसला गं वास येतोय?" मागून सातवेकरांच्या आई विचारतात. "कुणी चिंध्या पेटवल्या का?"

मी डॅशबोर्डखाली हात घालते. पहिल्यांदाच. वायरी, पत्र्याची धार, मग मीटरची गरम पाठ. बोटांना नट लागतो. तो माझ्या बोटांत फिरतो. सैल, बाटलीच्या झाकणासारखा. मी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये तो धरते, तुकडा खिळ्याला दाबून ठेवते आणि आवळते. काटा पंधराकडं सरकतो. हात ढिला पडला की पुन्हा तीसकडं.

"धरलाय मी," मी म्हणते. "पण असा किती वेळ धरू? बोटं भाजतायत."

"कुठनं सुटला त्यो?"

"नटाखालून."

"का सुटला?"

"आवळलेला नव्हता."

"आवळलेला न्हाई कसा? काटा निम्म्यावर हुता नव्हं?"

"हातानं आवळला होता. नुसता हातानं."

"कुणी?"

वळणावर गाडी कठड्याकडं ओढली जाते. माझा खांदा दारावर आपटतो, पण मी नट सोडत नाही. आप्पा रस्त्याकडं बघत नाहीत. ते आता माझ्याकडं बघताहेत. या सगळ्या वेळात पहिल्यांदाच. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवयांत गेली आहे.

"कुणी आवळला हातानं? बोल की नीलाक्का."

या नावानं मला चाळीस दिवसांत कुणी हाक मारलेली नाही.

"तुम्ही."

"मोठ्यानं बोल. मागं म्हातारीला ऐकू येत न्हाई."

"आप्पा, नको."

"तिला ऐकू येत न्हाई म्हणालो ना. बसलीया ती गाडीत. कुणाच्या भरवशावर बसलीया?"

धूर येतो. पांढरा, बारीक, काचेवरून वर चढणारा. मागून खोकल्याचा आवाज येतो.

"आप्पांनी!" मी ओरडते. मान वळवता येत नाही, कारण हात सोडायचा नाही, म्हणून पुढच्या काचेकडं तोंड करूनच ओरडते. "आप्पांनी नट हातानं आवळला होता! पान्यानं आवळायचा राहिला! आप्पांचं काम अर्धं राहिलंय!"

"हां," आप्पा म्हणतात. पाय खाली सोडतात आणि ब्रेक दाबतात.

गाडी थांबत नाही, आवाज थांबतो. एसीचा, रस्त्याचा, खोकल्याचा. आप्पा दार उघडून उतरतात. ढगात एक स्टूल आहे. त्यावर बसतात, गुडघ्यावर हात ठेवून, दमून आलेला माणूस बसतो तसे.

"अर्धं राहिलं तर राहिलं," ते म्हणतात. "पुढचं कुणीतरी करतंयच की. पण राहिलं म्हणून सांगाय लागतंय."

"पाणी देऊ?"

"आणतोय त्यो."

मी वळून बघते. कोण आणतोय ते दिसत नाही.

लेथ सुरू होते. शेजारच्या शेडमधली आधी, मग समोरची. लोखंड कापल्याचा तो लांब कर्कश आवाज कानात घुसतो आणि मला कळतं की माझे डोळे उघडे आहेत. तोंड कोरडं पडलं आहे. मान एका बाजूला वाकडी. उजवा हात मला सापडत नाही.

तो डॅशबोर्डखाली आहे. कोपरापर्यंत आत गेलेला. बधिर झालाय, तो माझा आहे असं वाटत नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये काहीतरी बारीक, टणक धरलेलं आहे.

मी हात तसाच ठेवून जरा वेळ बसते. मग अंगठा किंचित हलवते.

नट फिरतो.

पान्यानं आवळलेला नट बोटांनी फिरत नाही. मी त्याला परत जागेवर नेते, हातानं जमेल तेवढा आवळते आणि हात बाहेर काढते. मुंग्या येतात, इतक्या की डोळ्यांत पाणी येतं. निदान मुंग्यांमुळं येतंय असं मी स्वतःला सांगते. घड्याळात दोन वाजून गेलेत.

फोन डाव्या हातानं लावते.

"येतोच आहे पाचला," सातवेकर म्हणतात. "आई सकाळपासून पिशवी भरून बसलीय. उद्या जायचंय म्हटलं तरी ऐकत नाही."

"सातवेकरसाहेब, गाडीचं काम पूर्ण नाही."

"म्हणजे? परवा मी चक्कर मारली की. काटा व्यवस्थित..."

"काटा व्यवस्थितच दाखवेल. मागचे नट हातानं आवळलेले आहेत. घाटात सुटले असते."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, चनाप्पांनी..."

"मी न बघता म्हणाले होते." लेथच्या आवाजामुळं मला मोठ्यानं बोलावं लागतं. "आप्पांचं काम अर्धं राहिलंय."

पलीकडं त्यांनी फोन तोंडापासून बाजूला धरून कुणाला तरी "थांब जरा, सांगतो" म्हटल्याचं ऐकू येतं.

"किती दिवस लागतील?" ते विचारतात.

"दिवस नाही. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं?"

"दोन वॉशर घालायचे, दोन नट आवळायचे."

"आणि करणार कोण?"

"मी. लहानपणापासून बघत आलेय. माझ्यावर भरवसा नसेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. पण असं गाडीत कुणी बसू नका."

"असं करा," ते म्हणतात, "तुम्ही आवळून ठेवा. मी पाचला येतो. एसी लावून शिये फाट्यापर्यंत जाऊन येऊ. आई घरीच राहील. तुम्ही मात्र माझ्याशेजारी बसायचं."

"बसते."

"चनाप्पा असते तर तेच बसले असते," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.

मी उजवा हात वळवून उजेडात धरते. दोन्ही बोटांवर पितळेचा हिरवट काळा डाग आहे. आणि अंगठ्याच्या पेरावर, मधोमध, नटाचा ठसा उमटला आहे. सहा कोपरे, कंपासपेटीतलं काहीतरी घेऊन आखल्यासारखे सरळ. कडा पांढऱ्या, आतलं कातडं लालसर. मी बोट फिरवून बघते, खोल आहे.

थोड्या वेळात तो भरून येईल. तो जायच्या आत काम व्हावं असं मला वाटतं, का ते सांगता येत नाही. मी गाडीतून उतरते आणि वीज तोडण्यासाठी बॅटरीची अर्थची वायर काढायला बॉनेट उघडते.